कॉलेजच्या पेपरचा मालक कोण?

स्टॅनफर्ड म्हटलं की आपल्याकडे स्टार्टअप आणि पॅकेजच्या गप्पा सुरू होतात. मला मात्र तिथल्या पोरांनी चालवलेल्या पेपरचं फार अप्रूप आहे. ‘द स्टॅनफर्ड डेली’. १८९२ मध्ये ‘डेली पालो आल्टो’ म्हणून निघाला, १९२६ पासून आजचं नाव.

एप्रिल १९७१. विद्यापीठाच्या हॉस्पिटलात आंदोलकांनी कार्यालयाचा ताबा घेतला, पोलीस त्यांना हटवायला गेले, झटापटीत नऊ पोलीस जखमी झाले. डेलीने फोटो छापले. लगेच पोलीस वॉरंट घेऊन पेपरच्या ऑफिसात हजर! फोटोची लॅब, कपाटं, टेबलं, अगदी कचऱ्याच्या टोपल्याही तपासल्या. सापडलं काय, तर आधीच छापलेले फोटो. विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. खालच्या दोन्ही कोर्टांत जिंकले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. पण त्या निकालावर इतका गदारोळ उठला की १९८० मध्ये अमेरिकन संसदेने अशा झडत्यांना लगाम घालणारा कायदा केला. त्याचं संरक्षण आज तिथल्या बड्या बड्या पेपरांनाही मिळतं.

तरी माझ्या लेखी सगळ्यात मोठी घटना १९७३ची आहे. त्या वर्षी डेली विद्यापीठापासून कायद्याने वेगळा झाला. स्वतःची संस्था, स्वतःचा हिशोब. काय छापायचं हे संपादक झालेला विद्यार्थी ठरवणार.

याचा अर्थ काय होतो ते २०२२ च्या नोव्हेंबरात दिसलं. थिओ बेकर हा पहिल्या वर्षाचा मुलगा. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लविन्य हे नावाजलेले मेंदूशास्त्रज्ञ. त्यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांमध्ये फेरफार असल्याच्या शंका त्याने बातमीत मांडल्या. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचं तिला आढळलं नाही, आणि डेलीने छापलेला एक गंभीर आरोपही तिने अमान्य केला, हेही सांगायला हवं. पण इतरांनी केलेले फेरफार खरे निघाले, आणि चुका वेळेवर दुरुस्त केल्या नाहीत हा ठपका अध्यक्षांवर आलाच. जुलै २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला.

कुणी म्हणेल, त्याचे आईवडील दोघंही मोठे पत्रकार, मग काय नवल! असतील. पण ती बातमी छापायला अध्यक्षांच्या हाताखाली नसलेला पेपर लागला, तो घरून मिळत नाही.

आता आपल्याकडे बघा. लिहिणाऱ्या पोरांची वानवा नाही. पण त्यांच्या हाती काय? वर्षाकाठी एक वार्षिकांक. सुरुवातीला प्राचार्यांचं मनोगत, मग संस्थाचालकांचे फोटो, मग गुणवंतांची यादी. मी विद्यार्थी संपादक मंडळात होतो तेव्हा वसतिगृहाच्या पाण्यावरचा एका मुलीचा लेख आला होता. टाकी कधी धुतली, किती मुली आजारी पडल्या, सगळं नीट विचारून लिहिलेलं. ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून तो वगळला आणि त्या जागी पावसावरची कविता गेली. त्या मुलीने पुन्हा काही दिलं नाही. अंकाचा खर्च कॉलेजचा, सही प्राचार्यांची, मग दुसरं काय होणार?

माजी विद्यार्थी संघ स्नेहसंमेलनाला आणि कमानीला देणग्या देतात. त्यातला थोडा पैसा विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र पेपरला द्या, अगदी फक्त ऑनलाइन निघाला तरी चालेल. अट एकच, मजकुरात आपणही ढवळाढवळ करायची नाही.

स्वतंत्र झालं म्हणून भीती संपते असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डेलीने थेट अमेरिकन सरकारवर दावा लावला, कारण व्हिसावर शिकणारी मुलं हद्दपारीच्या धास्तीने लिहायला कचरू लागली होती, आपली नावं काढून टाका म्हणत होती. अमेरिकेत तशाच व्हिसावर आपल्या नात्यागोत्यातली कितीतरी मुलं शिकतायत. ‘तिकडे काही लिहू-बोलू नकोस हं’ असं आपण फोनवर त्यांना सांगतो. त्यांच्या वतीने कोर्टात उभा राहिला तो हा कॉलेजचा पेपर.