'नस दबली' एवढ्यानं भागलं असतं का?

भाऊ, स्टेनोसिसवरच्या, म्हणजे शरीरातली एखादी वाट अरुंद होण्यावरच्या, माझ्या लेखावर धुळ्याहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं : 'स्टेनोसिस, स्टेनोसिस' करत मी विद्वत्ता पाजळली, 'नस दबली' म्हटलं असतं तर खेड्यातल्या माणसालाही कळलं असतं, शिवाय '५० टक्के अरुंद म्हणजे निम्मी वाट बंद' हे माझं वाक्य साफ चूक आहे.

दुसरं आधी कबूल. ४ मिलिमीटरची नळी २ वर आली की व्यास निम्मा होतो, पण आतली जागा पावच उरते. ठिबकच्या नळ्यांत धरलेले क्षार बघण्यात आयुष्य गेलं, तरी हे डोक्यात आलं नाही. वाक्य दुरुस्त केलंय.

पहिलं मात्र पटत नाही, कारण त्याच 'नस दबली'त आमच्या मामांचं वर्ष गेलं. मामा अमळनेर तालुक्यातले. शेताकडे जाताना निम्म्या वाटेत पोटऱ्या भरून यायच्या. "थांब रे भो, पाय भरी वनात," म्हणत बांधावर बसायचे, गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढे वाकून. पाच मिनिटांत पुन्हा चालू. घरच्यांनी नस रक्ताची धरली आणि लसणाच्या पाकळ्या सुरू केल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "सायकल चालवता का?" बाजाराला मामा सायकलनेच जात, काही दुखत नसे. नुसतं उभं राहून मात्र बरं वाटत नव्हतं, बसावंच लागे. रक्तवाहिनीचं दुखणं असतं तर बहुधा उलट झालं असतं : सायकलवर पोटऱ्या दुखल्या असत्या, उभं राहून आराम पडला असता. अरुंद झाली होती ती कमरेच्या मणक्यांतून मज्जातंतू जातात ती पोकळी. पुढे वाकलं की ती जराशी मोकळी होते. हँडलवर वाकलेले मामा म्हणून सुखी.

स्टेनोसिस हा ग्रीकातून आलेला शब्द नुसतं 'अरुंद होणं' सांगतो. कुठे, ते पुढे विचारावंच लागतं. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप एरवी ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ च्या खाली गेली की गंभीर. तिथे पाकळ्याच कडक झालेल्या असतात, दबलेलं काहीच नसतं. महिनाभराचं बाळ दूध पिऊन कारंज्यासारखी उलटी करतं, तेव्हा जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. त्यात नस कुठली आणायची?

मराठी शब्द हवा, हे खरंच. 'संकोच' मामांवर वापरून पाहिला. म्हणाले, "मले कसाना संकोच?"