पेरिबसेनचा शिक्का आणि नाणेघाटातली पावलं

मध्यंतरी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सातवाहनांवरून जुंपली. दादाचा मुलगा मित्रांबरोबर नाणेघाटात जाऊन आला आणि त्याने लेण्यातले फोटो टाकले, एवढंच निमित्त. तासाभरात प्रश्न निघाला, सातवाहन वैदिक की बौद्ध? त्यातून पुढचा, आपले की आंध्रचे? तिकडे मध्यरात्र उलटली, इकडे लंडनमध्ये माझ्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि तोवर दोन काकांनी एकमेकांना नमस्काराचे हात पाठवून बोलणं बंद केलं होतं.

मी गप्प बसले. लंडनहून काही लिहिलं की ‘तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस’ हे उत्तर ठरलेलं. ते अगदीच खोटं नाही. पण त्या आठवड्यात मी ब्रिटिश म्युझियममध्ये एका दगडापाशी जरा जास्तच वेळ थांबले होते, आणि काकांचं भांडण वाचताना मला सारखा तोच आठवत होता.

दगड ग्रॅनाइटचा, वरून गोलसर, आपल्याकडच्या वीरगळासारखा उभा. रोझेटा शिलेसमोर मोबाइल उंचावून गर्दी असते, इथे कुणी फिरकत नाही. दगडावर वाक्यबिक्य काही नाही. एक चौकट, ती म्हणजे राजवाड्याची दर्शनी भिंत. तिच्यात राजाचं नाव, पेरिबसेन. इजिप्तच्या दुसऱ्या राजवंशातला हा राजा, म्हणजे साडेचार हजारांहून जास्त वर्षं झाली. अबिडोसजवळ उम्म अल-काबच्या वाळवंटात त्याची कच्च्या विटांची कबर आहे. तिथे आधी अमेलिनो नावाच्या फ्रेंच माणसाने घाईघाईत खणून ठेवलं होतं. मग 1900 च्या सुमारास फ्लिंडर्स पीट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने, अमेलिनोने टाकून दिलेला राडारोडासुद्धा चाळत, त्या कबरी पुन्हा हाती घेतल्या.

या राजाची खरी गंमत चौकटीच्या वर आहे. त्याच्या आधीच्या राजांच्या नावावर होरस देवाचा ससाणा बसलेला असायचा. पेरिबसेनने तिथे सेत देवाचं जनावर बसवलं. खाली वळलेलं लांब नाकाड, टोकाला चौकोनी कापल्यासारखे उभे कान, शेपटी ताठ. कुत्रा म्हणावं तर कुत्रा नाही, गाढव म्हणावं तर गाढव नाही. होरस आणि सेत पुराणात एकमेकांचे वैरी, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्सी न्यूबेरीसारख्या अभ्यासकांनी यात मोठं धर्मयुद्ध पाहिलं. पेरिबसेन पाखंडी ठरला, देशाची फाळणी झाली, बंड झालं, मग कुणीतरी येऊन सगळं सावरलं. नंतरच्या राजांच्या याद्यांत पेरिबसेनचं नाव नाही, हाही पुरावा म्हणून जोडला गेला. एका जनावराच्या चित्रावर केवढा हा इमला!

त्या इमल्याला तडा गेला तो एका पुजाऱ्यामुळे. शेरी त्याचं नाव, चौथ्या राजवंशातला, कबर सक्काराच्या दफनभूमीत. पेरिबसेनला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, तरी शेरीच्या कबरीतले लेख सांगतात की तो या राजाच्या स्मृतिपूजेच्या पुजाऱ्यांवरचा अधिकारी होता. पाखंडी म्हणून पुसून टाकलेल्या राजाच्या नावाने इतकी वर्षं नैवेद्य कोण चालू ठेवतं? शेरीच्या कबरीतला एक दगड ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात सतराव्या शतकातच येऊन पडला. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने 1822 मध्ये ती चित्रलिपी उलगडली, तोवर कुणाला अक्षर लागलं नाही. साक्षीदार हजर होता, भाषा कळत नव्हती.

आणि मला सगळ्यात आवडलेला पुरावा म्हणजे मातीचा एक ठसा, पेरिबसेनच्याच कबरीत सापडलेला. कारकुनाने ओल्या मातीवर शिक्का फिरवला, मडकं किंवा पोतं बंद केलं आणि तो पुढच्या कामाला लागला. त्या ठशावर लिहिलंय की नुब्त गावच्या देवाने, म्हणजे सेतने, दोन्ही देश, म्हणजे उत्तर आणि दक्षिण इजिप्त, आपल्या मुलाला, राजा पेरिबसेनला दिले. चित्रलिपीतलं आजवर सापडलेलं हे सर्वांत जुनं पूर्ण वाक्य मानतात. त्याच्या आधी नावं, पदव्या, मालाच्या चिठ्ठ्या. वाक्य पहिल्यांदा इथे. सरकारी असल्याने अर्थातच राजाची तारीफ करणारं.

पेरिबसेननंतर आलेल्या खासेखेमवीने नावाच्या चौकटीवर ससाणा आणि ते जनावर दोघांनाही शेजारी शेजारी बसवलं. याला तडजोड म्हणा, विजय म्हणा, राजकारण म्हणा. मला ते आपल्याकडच्या देव्हाऱ्यासारखं वाटतं, पण हे माझं वाटणं झालं, पुरावा नव्हे.

आता काकांकडे येते. नाणेघाटातल्या लेखात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची यादी आहे. झाले वैदिक. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीने बौद्ध भिक्षूंना लेणं दान दिल्याचं कोरलंय. झाले बौद्ध. पण त्याच दानाच्या लेखात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते. एकाच भिंतीवर दोन्ही! बाईंना त्यात काही अडचण वाटली नाही. अडचण आमच्या ग्रुपला वाटली, कारण आम्हाला राजा कुठल्या तरी एका फॉर्मवर बसवायचा होता, आणि फॉर्म आजचा होता.

इकडचे लोक फार शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. पेरिबसेनबद्दल इंग्रज शांतपणे बोलतो, कारण तो त्याचा कुणीच लागत नाही. ब्रिस्टलमध्ये 2020 च्या जूनमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचा पुतळा लोकांनी पाडून बंदरात ढकलला, तेव्हा माझ्या ऑफिसातली हीच शांत माणसं जेवणाच्या टेबलावर आवाज चढवून बोलत होती. आणि पेरिबसेनचा दगड लंडनमध्ये का, हा दादाचा प्रश्नही रास्त आहे. इजिप्तमध्ये तेव्हा इंग्रजांचा ताबा होता, उत्खननातल्या वस्तूंची वाटणी सरकारी परवानगीने व्हायची. परवानगी देणारं सरकार कुणाच्या मुठीत होतं, हे दादाला सांगावं लागलं नाही.

तरी एक गोष्ट मला इथून उचलून ग्रुपवर न्यावीशी वाटते. पुरावा आहे तेवढाच बोलू द्यायचा. नाणेघाटात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावं आहेत आणि खाली जेमतेम पावलांच्या खुणा. त्या पावलांवर धड आपण चढवायचं, त्याला आपल्या पसंतीचं गंध लावायचं आणि मग त्यावरून भांडायचं, हे मी शाळेपासून बघत आलेय. सहावीत मीही चढवलं होतं, वक्तृत्वस्पर्धेत बक्षीसही मिळवलं होतं.

शेवटी मी ग्रुपवर एवढंच केलं. त्या मातीच्या ठशाचा फोटो टाकला आणि खाली चार ओळींत वाक्याचा अर्थ लिहिला. काकांनी वाचला, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. दादाने अंगठा दिला.

बऱ्याच वेळाने आत्याचा मेसेज आला. जन्मभर तिने लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधलाय. तिने विचारलं, ‘अगं, शिक्का कुणाचा ते कळलं. पण मडक्यात काय होतं?’