‘ग्रुपनं बोट सोडली की धोका कमी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मालवण-तारकर्लीचा सीझन सुरू झाला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: “भावांनो, स्पीडबोटी ग्रुपनं चालवा, नाद खुळा! चार बोटी सोबत असल्या की धोका कमी. पुढच्याच्या फेसात राहा, तिथं पाणी सपाट असतं. अडचण आली तर गॅस एकदम सोडा, बोट आपोआप थांबते. किल कॉर्डची (चालक पडला की इंजिन बंद करणारी, त्याच्या अंगाला जोडायची दोरी) कटकट नको, खुल्या पाण्यात कोण कुणाला धडकतंय? पुढच्याला वाट माहीत असते, मागं बिनधास्त चला.” यावर विसंबून कुणी दोन-तीनशे हॉर्सपॉवरच्या बोटीचं स्टिअरिंग धरलं तर जीव जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“चार बोटी सोबत असल्या की धोका कमी.” बोट बंद पडली तर मदत जवळ असते, एवढं खरं. पण वेगात असताना सोबतची प्रत्येक बोट ही धडकेची आणखी एक शक्यता असते. ५० नॉट म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर, सेकंदाला २५ मीटरहून जास्त. पुढची बोट वळली हे दिसून, कळून हात हलेपर्यंत दोन सेकंद गेले तर पन्नास मीटर पाणी मागं पडलेलं असतं. गगनबावड्याच्या घाटात बाईकवाल्याला ब्रेक असतो आणि पुढच्याचा ब्रेकलाइट दिसतो. इथं दोन्ही नाहीत. म्हणून या वेगाला पुढच्या बोटीपासून किमान दोनशे मीटर मागं आणि एका अंगाला सरकून राहावं. तेवढं अंतरसुद्धा आठ सेकंदांत संपतं. सगळ्यांचा वेग सर्वांत नवख्या चालकाला झेपेल तेवढाच. समुद्रावरच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मागून पुढं जाणाऱ्यानंच दूर राहायचं असतं. शिवाय पुढच्यानं आपल्याला पाहिलंय याची खात्री होईपर्यंत बाजूनं घुसायचं नाही.

“पुढच्याच्या फेसात राहा.” पुढच्या बोटीमागचा तो फेसाळ पट्टा सपाट दिसतो, पण त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात पंख्याची (प्रोपेलरची) पकड सुटते, इंजिनाचे फेरे एकदम चढतात आणि स्टिअरिंग हलकं पडतं. पट्ट्यातून बाहेर पडायचं तर दोन्ही बाजूंच्या लाटा ओलांडाव्या लागतात. भर वेगात तिरपं चढलं तर बोट कलंडते किंवा हवेत उडते. उडालीच तर पंखा पाण्याबाहेर असेपर्यंत थ्रॉटल (गॅस) थोडा कमी करायचा, नाहीतर बोट खाली आपटताना सगळा धक्का गिअर आणि शाफ्टवर बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या बोटीतून कुणी पडलं तर तो माणूस नेमका याच पट्ट्यात तरंगत असतो.

“गॅस एकदम सोडा.” या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. वेगात बोट पाण्यावर उचललेली असते. थ्रॉटल झटक्यात बंद केला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली बसते, बोट पाण्यात रुतते, आणि तिनंच मागं उठवलेली लाट मागच्या फळीवरून आत येते. आउटबोर्डच्या (मागच्या फळीवर बाहेर इंजिन बसवलेल्या) बोटीची मागची फळी बुटकी असेल तर एका लाटेत बादल्यांनी पाणी भरतं. वळणात हेच केलं तर नाळ पाण्यात रुतून राहते, मागचा भाग गर्रकन फिरतो आणि बसलेले बाहेर फेकले जातात.

बरोबर क्रम असा. हात वर करून मागच्यांना इशारा द्या, दिशा सरळ ठेवा, थ्रॉटल हळूहळू उतरवा. वळायचं असेल तर आधी वेग उतरवा, ट्रिम (इंजिनाचा बोटीशी असलेला कोन) थोडी आत घ्या, मग वळा आणि वळण संपेपर्यंत इंजिनाचा जोर कायम ठेवा. ट्रिम फार आत घेतली तर नाळ लाटेत घुसते. फार बाहेर काढली तर बोट घोड्यासारखी उड्या मारते. भर वेगात बोट डावी-उजवीकडे डोलू लागली तर स्टिअरिंगशी झुंजू नका, प्रत्येक झटक्यानं डोलणं वाढतं. थ्रॉटल किंचित उतरवा आणि ट्रिम जराशी आत घ्या.

“किल कॉर्डची कटकट नको.” माणूस फक्त धडकेनं पडत नाही, एका आडव्या लाटेनंही पडतो. मग इंजिन चालूच राहतं आणि रिकामी बोट गोल फिरत पडलेल्यावरच परत येते. ५ मे २०१३ ला इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ कॅमल खाडीत एका कुटुंबातले सहाही जण बोटीबाहेर फेकले गेले. किल कॉर्ड कुणाला जोडलेली नव्हती. बोट फिरून त्यांच्यावर आली, दोघांचा जीव गेला. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना वेगात असताना ही दोरी किंवा तशी सोय जोडणं सक्तीचं आहे.

दोरी मांडीला गुंडाळून अडकवा. मनगटाला बांधली तर स्टिअरिंगमध्ये गुंतते. निघण्याआधी इंजिन चालू करून दोरी ओढा. इंजिन बंद पडलं नाही तर बोट काढू नका. बोटीत दुसरी दोरी हवीच. चालकच पडला तर पहिली दोरी त्याच्याबरोबर पाण्यात जाते आणि मागं राहिलेल्याला इंजिन सुरू करता येत नाही.

आणि खुल्या पाण्यात कोण धडकतंय? १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. डझनभराहून जास्त माणसं गेली.

“पुढच्याला वाट माहीत असते.” देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथले वाळूचे पट्टे पावसाळ्यात जागा बदलतात. पाण्यावर उचललेली बोट उथळ पट्ट्यावरून निघून जाते. मागची त्याच जागी वेग उतरवते, तिची मागची बाजू खाली बसते आणि पंखा वाळूत जातो. किनाऱ्याजवळ रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावलेली असते, आत जाळ्यांचे बोये असतात. पुढच्याच्या फेसात ते दिसत नाहीत. संध्याकाळी पश्चिमेला तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणून प्रत्येक बोटीत चालवणाऱ्याशिवाय फक्त पाण्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस हवा. दारू घेतलेला माणूस या दोन्ही जागांवर नको.

मेसेजमध्ये जॅकेटचा उल्लेखच नाही. या वेगाला फुगवायचं जॅकेट चालत नाही. फोमचं, अंगाला घट्ट बसणारं आणि मांडीतून पट्टा असलेलं घ्या, नाहीतर पाण्यावर आपटताच ते डोक्यावरून निघून जातं.

कुणी पडलंच तर काय करायचं हे किनाऱ्यावरच ठरवा. ज्या बोटीतून माणूस पडला तिच्यातल्या एकानं नजर न हटवता बोटानं त्याच्याकडे दाखवत राहायचं. उचलायला एकच बोट जाईल, हळू, आणि माणूस हाताशी आला की इंजिन बंद. बाकीच्यांनी लांब थांबायचं, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि त्या दिशेनं येणाऱ्या इतर बोटींना हात करून अडवायचं.