कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिर : वही न उघडता कसं पार पाडावं

शिबिर घ्यायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. ऊसतोडीला आलेल्या बीड-जतच्या टोळ्या, इचलकरंजीतले यूपी-बिहारचे माग कामगार, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली परप्रांतीय पोरं, वीटभट्टीवरची कुटुंबं, या सगळ्यांच्या हक्कांसाठी गावोगावचे युनियन कार्यकर्ते तयार करायचे म्हणजे शिबिर हवंच. काळजी एवढीच घ्यायची की शिबिरही पार पडावं आणि हंगामही पार पडावा, आणि दोघांनी एकमेकांची वाट अडवू नये.

तारीख जानेवारीतली धरा. गाळप जोरात असतं, टोळी पहाटे चारला फडात असते, संध्याकाळी वाहन भरेपर्यंत हलत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर त्यांच्यापैकी कुणी चुकूनही दारात उभं राहणार नाही. पावसाळ्यातली तारीख मात्र कुणी सुचवली तर हाणून पाडा. त्या दिवसांत तिकडे टोळ्यांच्या गावात उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटली जात असते, दर आणि अटी ठरत असतात. तेव्हाच एखादा कार्यकर्ता कागद घेऊन बसला आणि ‘उचल किती, दर काय, खाड्याला (गैरहजेरीला) किती कापणार, परतीचं भाडं कुणाचं, बाईचं नाव लावलंय का’ असे पाच प्रश्न विचारून उत्तरांखाली मुकादमाची, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्या ठेकेदाराची, सही घेऊन मोकळा झाला, तर हंगामभराची मजाच जाते. दसरा झाला, ट्रकमध्ये भांडी-कुंडी, पोरं, शेळी चढली, की विचारण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा शिबिर घ्या.

आता शिबिरार्थी. गावातलं नेतृत्व म्हणाल तर तीन प्रकार हाताशी असतातच. पहिला, कारखान्याचा सभासद असलेला ऊस उत्पादक. हा एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरासाठी, रस्ता रोखतो, टनामागच्या शंभर रुपयांसाठी दोन दिवस उपाशी राहतो, आणि टोळीनं खुशाली (तोडीवर वरचे चार पैसे) मागितली की ‘लुटायला लागलीत ही माणसं’ म्हणून फोन करतो. दुसरा ट्रॅक्टरवाला. त्यानं मुकादमाला लाखांनी पैसे मोजलेत, मागच्या वर्षी एक टोळी पैसे घेऊन आलीच नाही, त्यामुळे यंदाची टोळी निसटू नये म्हणून तो रात्री खोप्यांच्या आसपास गाडी लावून झोपतो. तिसरा खुद्द मुकादम. त्याला खजिनदार करा. असंघटित क्षेत्रातल्या युनियनमध्ये निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे लागतात. मुकादम कधीकाळी कोयता चालवत होताच, तेवढ्यावर आकडा भरतो. नोंदणीला अर्ज करायला सात सभासद पुरतात, तेवढे तर एका घरात मिळतील.

उद्घाटनाला शाहू महाराजांचा फोटो, हार, समई. 1902 च्या आरक्षणाच्या आदेशाचा उल्लेख प्रत्येक वक्त्यानं करावा, म्हणजे पहिला दीड तास निघून जातो. मग चहा. कायद्याचं सत्र त्यानंतर ठेवा आणि त्यात फक्त कायद्यांची नावं आणि सालं सांगा. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, त्यातलं फोटो लावलेलं पासबुक, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, हे सगळं झेरॉक्स काढून वाटा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तो कायदा त्यांतल्या एका संहितेत विरघळला, पाच मजुरांची अट दहावर गेली, विस्थापन भत्ता गळाला, पण स्वतःहून आलेला मजूरही व्याख्येत आला आणि गावी जाण्या-येण्याचं भाडं मागता येतं, ही माहिती दिलीत तर मागच्या वर्षीचे झेरॉक्स फुकट जातील.

आणि ‘कुठला रे तू’ हा प्रश्न कार्यकर्त्याला शिकवूच नका. कारण सगळी मेख तिथं आहे. बीडची टोळी कागलच्या बाजूला ऊस तोडते तेव्हा कायद्याच्या लेखी ती राज्यातल्या राज्यातली, आंतरराज्य कलमं तिला लागत नाहीत. तीच टोळी दूधगंगेचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीकडच्या फडात गेली की आंतरराज्य स्थलांतरित. कोयता तोच, पाचट तेच, मुकादमही तोच. उलट विजयपूरहून आलेली टोळी आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आंतरराज्य. हे ज्याला कळलं तो टोळीत शिरल्यावर आधी जिल्हा विचारतो आणि मग कुठला अर्ज लिहायचा ते ठरवतो. असे कार्यकर्ते पुढं जड जातात.

जेवणाआधीची वेळ सगळ्यात धोक्याची. भुकेला माणूस हिशेब विचारतो. एखादा उत्साही पोरगा फळ्यापाशी जाऊन खडू उचलेल. त्याला थांबवा, नाहीतर तो हे लिहील:

एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल एक लाख. जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात 34 टक्के वाढ झाली. दर टनाला 366 रुपये धरू. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले तर 732 रुपये. दोघांत वाटले तर माणशी 366, आणि पहाटेपासून गाडी भरेपर्यंतचे चौदा तास धरले तर तासाला 26 रुपये. हंगाम दीडशे दिवसांचा. त्यात 130 दिवस काम झालं, कमाई 95,160. वीस दिवस खाडा: ताप, पाळी, पोराचा जुलाब, एकदा पाऊस. खाड्याला रोज 500 प्रमाणे 10,000 कापले, उरले 85,160. आठवड्याला दीड हजार खर्ची (खाण्यापिण्याला मुकादमाकडून रोख) घेतली, एकवीस आठवड्यांचे झाले 31,500. म्हणजे घेतले 1,31,500, फिटले 85,160. पाच महिने ऊस तोडून अंगावर राहिले 46,340. पुढच्या वर्षी यायलाच लागतंय.

इथपर्यंत फळा भरला की कुणीतरी मागून विचारेल, मुकादमाला काय मिळालं? वीस टक्के कमिशन, तेही कारखान्याकडून वेगळं, म्हणजे या एका कोयत्यामागे 19,032. दहा कोयत्यांच्या टोळीत एक लाख नव्वद हजारांवर. खजिनदार तेव्हा फोनवर बोलायला बाहेर गेलेले असतील. तुम्ही ताबडतोब ‘वाढू द्या’ म्हणून सांगा. तांबडा-पांढरा समोर आला की कोल्हापुरात कुठलाही हिशेब पुढं सरकत नाही.

या आकडेमोडीत सगळ्यात घातक भाग टनांचा. टोळीला किती टन तोडले ते कळत नाही, खेपा कळतात. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती वाहनवाल्याकडे जाते, त्याच्याकडून मुकादमाच्या वहीत उतरते, आणि उतरताना थोडी वाळते. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो शिकवायचा मोह होईल. वहीच्या पानावर सहा रकाने: तारीख, फडाच्या मालकाचं नाव, वाहनाचा नंबर, खेप, पावतीवरचे टन, आणि त्या दिवशी कोण गैरहजर. ड्रायव्हर काट्यावरून परतला की पावतीचा मोबाईलवर फोटो. टोळीतली एखादी सातवी शिकलेली मुलगी हे रोज पाच मिनिटांत करते. मार्चमध्ये दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक कुठल्या तारखेला पडला तेही दिसतं. म्हणून शिबिराच्या पिशवीत पेन द्या, टोपी द्या, बॅज द्या; कोरी वही देऊ नका.

दुपारनंतरचं सत्र ‘वेठबिगारी’ या शब्दापासून लांब ठेवा. हा शब्द निघाला की तहसील कचेरीतही खुर्च्या सरकतात. सगळ्यांची अशी समजूत असू द्या की वेठबिगार म्हणजे पायात साखळदंड. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, फोन काढून घेतलेत, बायको-पोरं अडकवून नवऱ्याला पैसे आणायला गावी पाठवलंय, याला ‘व्यवहार’ म्हणायचं. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात ती रक्कम फेडायची जबाबदारीच संपते आणि हे कर्ज वेठबिगारीचं नव्हे हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं, मजुरावर नसतं. हे कलम वाचून दाखवू नका. अर्ज नागाळा पार्कात जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत प्रांताकडे, पोच घेऊन, मजुरांची नावं, गाव, उचलीची रक्कम आणि किती दिवस डांबलंय ते लिहून द्यायचा असतो, हेही नको. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. या दंडाला काही जण घाबरतात. हंगामात एका टोळीचे चार खाडे झाले की तेवढे वसूल होतात.

अपघाताचं काय, असं विचारणारा एक तरी निघतोच. त्याला सांगा, माणुसकीनं मदत करायची, मयताच्या घरी दहा-वीस हजार द्यायचे, ट्रॅक्टरवाल्यालाही लेकरंबाळं आहेत. दवाखान्यात केसपेपरवर ‘कामावर असताना, अमुक फडात, अमुक वाहनाखाली’ एवढे शब्द पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचे, पोलिसांत वर्दी त्याच दिवशी द्यायची, शेताचा गट नंबर आणि वाहनाचा नंबर टिपायचा, नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावायचा, ठेकेदार हात वर करत असेल तर मूळ मालकावरही लावायचा, या गोष्टींमुळे माणुसकी बिघडते. पडून गेलेली ट्रॉली सरळ करायच्या आत फोटो काढायचा हे तर अजिबात सांगू नका. फौंड्रीतल्या पोरांसाठी वेगळी सूचना नको. फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करताना) हात गेला की ठेकेदार संध्याकाळी ऑनलाईन ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची, नोंदणी करून टाकतो आणि सकाळपासून होती असं सांगतो. नोंदणीवर तारखेसोबत वेळही उमटते, पण तिकडे कोण बघतंय?

इचलकरंजीवर अर्धा तास पुरे. एका शेडमध्ये चोवीस माग, पण कागदावर सहा बायकोचे, सहा भावाचे, सहा मेहुण्याचे, उरलेले सहा मालकाचे. त्यामुळे कामगार मोजायला गेलं की कायद्याला लागणारा आकडा कुठंच भरत नाही. 52 पिकाच्या (इंचातले आडवे धागे) कापडाला मीटरमागे मजुरी किती, त्याचा मराठी कागद भिंतीवर डकवलेला असतो. बारा तास माग चालवणारा बिहारचा माणूस तो वाचू शकत नाही, ही त्याची भाषिक अडचण. हिंदीत एक पान काढायला झेरॉक्सचे दोन रुपये लागतात, पण मग अस्मितेचा प्रश्न येतो. तुमच्या कार्यकर्त्यांना ‘भैया’ हा शब्द येतोच, संवादासाठी तेवढा बास.

महिलांचा सहभाग दाखवायला हवा. गावातल्या चार जणींना औक्षणाला बोलवा, रांगोळी काढून घ्या. कोयत्यातल्या अर्ध्या भागीदारणीला बोलवायची गरज नाही. ती वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंड्या बांधून गवळ्यांना विकत असेल. दूधवाल्या कोल्हापुरात वाढ्यांना गिऱ्हाईक आहे आणि रोख हातात पडणारा तिचा तेवढाच पैसा. तिचं नाव उचलीच्या कागदावर नाही, मजुरीच्या हिशेबाच्या पट्टीवर नाही, त्यामुळे ती गरोदर राहिली काय, मोळी घेऊन फळीवरून घसरली काय, ती तिथं कामाला होती हेच सिद्ध करायला तिला आधी नवऱ्याचा अंगठा दाखवावा लागतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर सरकारनं समिती नेमली, तेव्हा या खाड्याच्या हिशेबाची चर्चा झाली होती. शिबिरात ती नको, वातावरण गंभीर होतं.

रेशनचा विषय मात्र बिनधास्त घ्या, तो निरुपद्रवी वाटतो. ‘एक देश एक रेशन कार्ड’ म्हणून टाळ्या मिळवा, गावचं कार्ड इथंही चालतं म्हणून सांगा. फक्त पाचटानं चिरलेल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही, टोळी फडातून परतेपर्यंत दुकान बंद झालेलं असतं, म्हणून टोळीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा पोराचा ठसा उमटतो त्याला दिवसा पाठवावं लागतं आणि त्याचं नाव आधी कार्डात, आधारशी जोडलेलं असावं लागतं, या बारीकसारीक भानगडीत पडू नका. तसंच पोरांच्या शिक्षण हमी पत्रकाचं. गावची शाळा सोडतानाच ते मुख्याध्यापकांकडून घ्यायचं असतं, ट्रक निघायच्या आधी. म्हणजे पुन्हा तोच पावसाळा. म्हटलं ना, तारीख जानेवारीचीच बरी.

समारोपाला प्रमाणपत्रं. ती लॅमिनेट करूनच द्या, म्हणजे मागच्या कोऱ्या बाजूला कुणी खेपा लिहून ठेवणार नाही. ग्रुप फोटो बॅनरसमोर, सगळ्यांनी मूठ वर करून. पाठपुराव्याला कुठलाही दिवस ठरवू नका. ‘पंधरा दिवसांनी प्रत्येकानं एका टोळीची वही बघून यायची’ असला गृहपाठ दिलात तर पुढच्या शिबिराला माणसं जमणार नाहीत.

आभार मानताना खजिनदारांना विसरू नका. मटणाचा खर्च त्यांनीच केलाय, आणि कशातून केला असं कुणी विचारलंच तर सगळं लिहून ठेवलंय त्यांनी. टोळीच्या वहीत, खर्चीच्या खाली, ‘इतर’ म्हणून एक रकाना असतो.