पडद्यावर सगळंच छापायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'शिकवण्याच्या व्हिडिओत निवेदन चालू असताना तीच वाक्यं पडद्यावर छापू नका' हे माझं म्हणणं तुम्हाला एसी वर्गांपुरतं वाटलं. नागपुरात मे महिन्यात कूलरच्या घरघरीत पोरांना धड ऐकू येत नाही, त्यात वर्ग सेमी इंग्रजीचा. मजकूर काढला तर उरलं काय, असं तुम्ही विचारता.

कूलरचं सोळा आणे खरं. ऐकूच येत नसेल तर सबटायटल द्या, हवी तेव्हा बंद करता येतील अशी. पण ऐकू येत असेल तर? हृदयाचा धडा घ्या. रक्त उजव्या अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) आणि तिथून फुफ्फुसांकडे निघालंय, बाण सरकतोय, खाली तेच तीन ओळींत छापलंय. पोरगी ओळी वाचून वर बघेस्तोवर बाण फुफ्फुसात पोहोचलेला असतो. वाचायलाही डोळेच लागतात आणि बाण बघायलाही. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातलं काम करताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तीत ऐकलेले शब्द आणि पाहिलेली चित्रं यांची सोय वेगवेगळी आहे, आणि जागा दोन्हीकडे थोडीच. म्हणून चित्र डोळ्यांना, वाक्यं कानांना.

सेमीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. ज्या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनावर माझा नियम उभा आहे, त्यांनीच जॉन्सन यांच्यासोबत २००८ मध्ये त्याला मुरड घातली. चित्रातल्या नेमक्या भागाशेजारी निवेदनातले दोन-तीनच शब्द लिहिले, तर विद्यार्थ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. शिकलेलं नव्या प्रश्नाला लावण्यात मात्र फरक पडला नाही. ते विद्यार्थी अमेरिकेतल्या कॉलेजचे. 'राइट व्हेंट्रिकल' (उजवा निलय) पहिल्यांदाच ऐकणाऱ्या आपल्या पोरांना असे शब्द अधिक उपयोगी पडतील, हा माझा अंदाज. तेव्हा नाव जरूर लिहा, पण त्या कप्प्यावरच. वाक्य नको.

'काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून' हे मला पटत नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. प्रत्येकाच्या अशा शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने निकाल सुधारतो याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आवड असते, ती वेगळी गोष्ट.

आणि व्हिडिओला पार्श्वसंगीत? ते नकोच, आवाजाला कूलर आहे ना, सर!

तुमच्या दोन तुकड्यांत करून बघा. एकीला पूर्ण मजकुराचा व्हिडिओ, दुसरीला फक्त नावांचा. दोन दिवसांनी कोरी आकृती देऊन बाण काढायला सांगा, आणि जोडीला हेही विचारा: उजव्या अलिंद-निलयामधली झडप नीट मिटली नाही तर रक्त कुठे जाईल?