दुधाचं कामून लिहिलंस?

मास्तर रोज रात्री वही लिहितो हे आम्हाला ठाऊक होतं. पण नववीपासूनच्या सगळ्या वह्या त्यानं लोखंडी पेटीत जपून ठेवल्यात, हे परवा कळलं. घराला रंग द्यायचा म्हणून पेटी बाहेर निघाली, अन् त्यातली एक वही पिशवीत घालून हा गडी कट्ट्यावर आला.

"वाचणार कोण रे हे?" मेडिकलवाल्यानं सुरुवातच अशी केली.

"कुणी नाही वाचलं तरी चालतंय."

"मग लिवायचं कामून? मन मोकळं व्हायला? त्याच्यासाठी आम्ही हाव की इथं बसलेले!"

आडत्या म्हणाला, "माझ्या वहीत आवक, भाव, हमाली, कुणाची उचल किती, बास. त्याच्याबाहेर लिवून काय पीक येणार?"

अंबाजोगाईत लिहिण्याचा विषय निघाला अन् इथले संतकवी दासोपंत आले नाहीत, असं होत नाही. मेडिकलवाल्यानं त्यांनाही ओढलं. म्हणे, पंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या, चाळीसेक फूट लांब कापडी पासोडीवर पंचीकरण लिहिलं. "आपल्या गावातल्या किती जणांनी वाचलं? तू वाचलंस का?"

मास्तर गप्प. (मीही गप्पच. पासोडीबद्दल पाहुण्यांना सांगताना मात्र आमची छाती फुगते.)

"ते तत्त्वज्ञान झालं," मास्तर जरा वेळानं म्हणाला. "बहिणाबाई घे. जळगावच्या नाही, आपल्या वेरूळजवळच्या देवगावच्या. सतराव्या शतकातली बाई. लहानपणी लग्न, नवरा वयानं कितीतरी मोठा. वासरू तिच्यामागं कीर्तनाला जायचं, त्यावरून बोलणी अन् मार खाल्ला. हे सगळं तिनं स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलंय. तव्हा तिला कुणी विचारलं होतं का, बाई, वाचणार कोण?"

"ती संत होती. तू पगारी मास्तर हायस."

यावर सगळे हसले, मास्तरसुद्धा. मला मात्र बहिणाबाईंचा दाखला लागू वाटला. संतपण बाजूला ठेवलं तरी ते वासरू उरतंच.

मग किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. आमच्या वयाच्या माणसांत तो निघतोच. मेडिकलवाला रंगात आला: "३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी विसर्जन. पहाटे चारच्या सुमाराला हादरलं अन् सगळी गल्ली रस्त्यावर. किल्लारी गेली म्हणून बायका रडायल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"पहाटे चारला?" मास्तरनं विचारलं.

"चारला."

मास्तरनं वही उघडली. शंभर पानी, रेघांची, कडा पिवळ्या पडलेली, शाई जागोजागी फुटलेली. त्यानं वाचलं: "पत्रे वाजले. आई तुळशीपाशी उभी राहिली. आम्ही सगळे रस्त्यावर. कुठं झालं कुणाला माहीत नाही. बाबांनी रेडिओ लावला. दूध उशिरा आलं."

"इतकी माणसं गेली अन् तू दुधाचं कामून लिहिलंस?" मेडिकलवाला खरंच चिडला होता.

"अरं, लिहिलं तव्हा मला कुठं माहीत होतं! जवळजवळ दहा हजार माणसं गेली हा आकडा नंतरचा. रडणाऱ्या बायका तू दुपारी पाहिल्या असशील, नाहीतर दुसऱ्या दिवशी. डोक्यात तू त्या पहाटेत नेऊन बसवल्या. वहीला पुढचं माहीत नसतं, म्हणून मी लिहितो."

मन मोकळं होतं वगैरे कारण मला कधीच पटलं नाही. लिहून लिहून एखादी गोष्ट जास्तच डोक्यात बसते, हा माझा अनुभव. पण मास्तरचं हे कारण पटलं. आठवणीत आपण सगळे शहाणे असतो, आधीच कळलं होतं अशा थाटात बोलतो.

आडत्याला भलतंच सुचलं. "२०१६ च्या उन्हाळ्याचं असंल का रे? लातूरला रेल्वेनं पाणी यायलं होतं तव्हा आपल्या गल्लीत टँकर किती दिवसाआड यायचा? बायको म्हणती आठ, मी म्हणतो पंधरा."

"पाहावं लागंल."

"पाह्य. पंधरा निघालं तर सांग, आठ निघालं तर ऱ्हाऊ दे."

मेडिकलवाला मात्र वहीकडंच बघत होता. "माझ्याबद्दल काही लिहिलंस का? मागं आपलं वाजलं होतं तव्हा?"

"लिहिलंय."

"काय?"

"सगळी चूक तुझीच हाय, असं. तव्हा तसंच वाटलं होतं. आता नाही वाटत."

"मग खोड की ते!"

"खोडणार नाही."

यावर जे पेटलं ते चहाचे दोन कट संपेपर्यंत विझलं नाही. शेवटी मेडिकलवाला तडजोडीवर आला: निदान खाली एक ओळ तरी जोड. मास्तर म्हणाला, जोडीन, पण आजची तारीख टाकून.