आधी स्प्रिंग कापा, मग बघू

गाडीवर खरं प्रेम असेल तर आधी तिच्या स्प्रिंगा कापा. कंपनीच्या इंजिनिअरांनी चाचण्या घेऊन उंची ठरवलेली असते म्हणे, पण त्यांना काय कळतं! गल्लीतल्या गॅरेजात ग्राइंडर आहे, दीड वेटोळं उडवायला दहा मिनिटं पुरतात.

फायदा लगेच दिसतो. मागच्या रविवारी भाच्याच्या अशाच बुटक्या गाडीतून ताम्हिणी घाटामार्गे माणगावला गेलो. चांदणी चौक सोडल्यापासून पौडपर्यंत दर गतिरोधकाला मागचे आम्ही तिघे खाली उतरायचो, गाडी तिरकी होऊन पोट खरवडत पलीकडे जायची आणि आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. माझी आई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. पिरंगुटात म्हणाली, "एसटीने निघालो असतो तर निदान बसून गेलो असतो." तिला स्टान्स, म्हणजे बुटक्या गाडीची ऐट, कळत नाही. शॉकअपला खालीवर व्हायला जागाच उरत नाही आणि मॅकफर्सन स्ट्रटची (पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच खांब असलेली) गाडी फार खाली आणली की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्याभोवती झुकते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो, म्हणजे झुकायला उलट जास्त तरफ मिळते, हेही तिला कळत नाही. भाच्यालाही नाही. पण त्याला फोटो काढता येतात.

कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची डिस्क पॅडने चिमटणाऱ्या भागावर, लाल प्लॅस्टिकची टोपणं चिकटवा. गाडी चार फूट आधी थांबते.

उंची फारच कमी झाली असं वाटलं तर कापलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबा. वाया काहीच जात नाही, पैसे सोडून.

आरटीओची फिकीर नको. कंपनीच्या मूळ बांधणीशी विसंगत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कुणी वाचत नाही. विमा कंपनी वाचते, पण ती दावा लावल्यावर.

आता ब्रेक. पुढे भोकंवाल्या मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर घाला, मागचे ड्रम तसेच राहू द्या. ब्रेकचा बहुतेक भार आधीच पुढच्या चाकांवर असतो, आता उरलासुरलाही त्यांच्याच गळ्यात. पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर मूळचाच ठेवा, म्हणजे पेडल छान खोल जाईल. पॅड रेसिंगचे घ्या. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, तेव्हा सकाळी सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने स्वतःच बाजूला व्हावं.

टायरला मात्र हात लावू नका. भाच्याच्या टायरवर 2317 लिहिलंय, म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. रबराचा दगड झालाय. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागलं याचा अर्थ ब्रेकची ताकद पुरून उरली आणि रबर कमी पडलं. तिथे तुमचे चार पिस्टन काय करणार, आरती?

आणि ब्रेक ऑइल! ते हवेतला ओलावा पितं. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलसाठी उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पाणी मुरल्यावर किमान 155. दोन वर्षांनी बदला असं सांगतात. आमच्या भाचेबुवांनी गाडी घेतल्यापासून झाकण उघडलेलं नाही. घाट चौथ्या गिअरमध्ये उतरत होते, कारण "ब्रेक भारी आहेत मामा". चाळीसऐवजी साठच्या वेगावरून थांबायचं तर ब्रेकने रिचवायची गतीची ऊर्जा सव्वादोन पट होते. विळे गावाच्या अलीकडे जळका वास आला, ऑइल उकळून त्याची वाफ झाली आणि पेडल कापसात गेल्यासारखं आत गेलं. मी ओरडून दुसरा गिअर टाकायला लावला, हँडब्रेक हळूहळू ओढला, तेव्हा कुठे गाडी डोंगराच्या बाजूला टेकली. आईने डब्याची पिशवी छातीशी धरलेली. आणि हा म्हणतो काय, "मामा, पॅड अजून नीट बसायचेत."

पॅड बसायचेत? अरे गाढवा, तुझी अक्कल बसायची आहे! साठ हजार घातलेस. त्याच्या निम्म्यात चार चांगले टायर, मूळ जातीचे नवे पॅड आणि ब्रेक ऑइल आलं असतं. मोठी डिस्क खोटी नाही, ती उष्णता जास्त पचवते, कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्याला ती लागते. पण तोही आधी ऑइल आणि टायर बघतो. तू फेऱ्या मारतोस त्या कोथरूडच्या सिग्नलवर.

परतताना आई आणि मी माणगाव स्टँडवरून एसटीत बसलो. टायर बदलल्याशिवाय आजीला न्यायला दारात येऊ नकोस.